येवा आल्याशिवाय

साकीनाक्याच्या युनिटमध्ये मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या हातावर चापट मारली. खोटं नाही सांगत. मशीनच्या मागे एक वायर लोंबत होती, मला ती उगाच मध्ये येतेय असं वाटलं, म्हणून उपटायला गेले, तर फट्! वळून बघते तर पन्नाशीचा एक सडसडीत माणूस, ज्याला युनिटमध्ये सगळे काका म्हणायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल.

"पलीकडे कोण आसा, इचारलंस?"

"कशाच्या पलीकडे?"

"वायरच्या."

इंजिनिअरिंगची डिग्री ताजी ताजी हातात आलेली, मी काय ऐकून घेणार! "अहो, साधी वायर आहे ती," मी तोंड वर करून म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "मुलुंडाक एक माणूस बसलो आसा. तेका कळतला." आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले. दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझं काय अडलंय!

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमची कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली लेथ चालायचे, त्यामुळे आमची जमीन दिवसभर बारीक थरथरत असायची. त्या गाळ्यात फ्रिजएवढा एक कॉम्प्युटर होता, युनिक्सवर चालणारा. तसाच दुसरा मुलुंडच्या ऑफिसात. ही दोन मशीनं टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनने एकमेकांना जोडलेली होती. दोन्हीकडे एकेक मोडेम, आणि अक्षरं एकामागून एक अशी रांगेने जायची. साकीनाक्याला बसून मुलुंडच्या मशीनवर काम करता यायचं. आज शाळेतली पोरंसुद्धा हसतील, पण तेव्हा बाहेरची माणसं ते बघायला यायची आणि बघून गप्प व्हायची.

ती लाइन काकांनी जोडली होती. एकट्याने. मॅन्युअलची झेरॉक्स काढलेली, त्यातही पानं गायब, इंग्रजी असं की मलाही दोनदा वाचावं लागायचं. काकांना डिग्री नव्हती. आधीची बरीच वर्षं त्यांनी तारखात्यात टेलिप्रिंटर दुरुस्त केले होते आणि त्या खडखडाटात डावा कान जवळजवळ गमावला होता. कुठूनतरी त्यांच्या उजव्या कानावर आलं की साकीनाक्याला कुणीतरी दोन कॉम्प्युटर जोडायचं म्हणतंय. झालं! पक्की नोकरी सोडून हा माणूस आमच्या गाळ्यात येऊन उभा राहिला. इथे त्यांना वर्षावर्षाच्या नेमणुकीचं पत्र मिळायचं. दर वर्षी नवं.

मॅन्युअल ते बोट ठेवून वाचायचे आणि लांब वहीत मराठीत उतरवून काढायचे. मी ती वही चोरून वाचली आणि हसून हसून मेले. लॉगिन म्हणजे 'दार'. पासवर्ड म्हणजे 'घरची खूण'. दोन मशीनांमधली केबल कशी जोडायची, त्यापुढे लिहिलेलं, 'एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. तोंडाला तोंड लावल्यास दोघं ओरडतात, ऐकत कुणी नाही.' आमच्या प्रोफेसरांनी हीच गोष्ट शिकवायला दोन तास घेतले होते आणि तरी माझ्या डोक्यावरून गेली होती. हसू आलं खरं, पण वही जागेवर ठेवताना मी ती नीट ठेवली.

मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला. बोलणं अर्धं आमच्यासारखं, अर्धं तिकडचं. काही गोष्टींत इतके हट्टी की हात टेकावेत. सकाळी मोडेम सुरू केला की उजवा कान त्याला लावून शिट्टी ऐकायचे आणि जाहीर करायचे, "आज लाइनीक सर्दी झाली." आणि खरंच त्या दिवशी अक्षरं गळायची. सोल्डरिंग करताना कुणी बोललेलं चालायचं नाही, शिंकलेलंही नाही. लाइन तुटली असा शब्द त्यांच्यासमोर काढायची बंदी. "बांगडी फुटली म्हणतंस? वाढवली म्हणतंस. दिवो विझलो म्हणतंस? शांत झालो म्हणतंस. मग लाइनीनं काय घोडा मारल्यान?" आमच्याकडे लाइन कधी तुटली नाही. नेहमी शांत झाली.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे 'येतंय' आणि 'येवा'.

संध्याकाळी मोडेम बंद करायच्या आधी एका टोकाने पडद्यावर टाइप करायचं, 'येतंय', म्हणजे मालवणीत 'येतो'. इंग्रजी अक्षरांत अर्थात. मग थांबायचं. पलीकडून 'येवा', म्हणजे 'या', असं उत्तर आलं, की मगच हात लावायचा. 'येवा' आल्याशिवाय वायर काढायची नाही, मोडेम बंद करायचा नाही, काही नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "काका, मशीनला काय कळतंय येतो न् जातो?"

"मशीनाक नाय गो," ते म्हणाले. "पण दोन्ही टोकांक माणूस आसा ना? घरातून भायर पडताना तू 'जाते' म्हणतंस?"

"नाही, 'येते' म्हणते."

"आणि आईस काय म्हणता?"

"'ये' म्हणते."

"आणि ती काय म्हणाली नाय तर?"

खरंच, आई आत कामात असली आणि तिचं 'ये' ऐकू आलं नाही, तर मी चपला घालून दारात उभी राहते. पुन्हा हाक मारते. मला ते कधी जाणवलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मुकाट्याने 'येवा' टाइप करायला लागले. मी बोरिवलीची, आमच्या घरात मालवणी कुणी बोलत नाही, पण रोज संध्याकाळी साडेपाचला मी एका माणसाला मालवणीत निरोप द्यायचे.

कारण मला सगळं शिकवून झाल्यावर काका मुलुंडला बसायला लागले होते आणि साकीनाक्याचं टोक माझ्याकडे आलं होतं. आमची गट्टी तेव्हाच जमली. समोर असताना भांडायचो, लाइनवर मात्र छान बोलायचो. दुपारी डबा खाताना ते विचारायचे, 'काय भाजी?' मी टाइप करायचे, 'दुधी.' पलीकडून यायचं, 'अरेरे.'

आता दाराचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

दोन मशीनं जोडलेली असताना एकानेच दार उघडं ठेवायचं, म्हणजे 'कोण आहे, नाव सांगा' असं विचारत बसायचं. दुसऱ्याने दार बंद ठेवून हाक मारायची आणि नाव सांगायचं. दोन्ही दारं उघडी राहिली की वाट लागते. एक मशीन विचारतं 'कोण?', दुसऱ्याला वाटतं हे पाहुण्याचं नाव, ते म्हणतं 'खूण सांगा', पहिल्याला वाटतं हेच नाव. विचारणं चालूच राहतं, इतक्या भराभर की मशीनला दुसरं कामच सुचत नाही. काका म्हणायचे, "दोघांय दारात उभी रवून इचारतत, 'कोण तां?' सांगणारो कोण नाय."

सकाळी मुलुंडचं दार उघडं आणि साकीनाक्याचं बंद, दुपारी उलट. घोळ नको म्हणून काकांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पाट्या केल्या होत्या, एका बाजूला 'उघडं', दुसऱ्या बाजूला 'बंद'. प्रत्येक मशीनवर एक. नियम असा, की आधी मशीनमध्ये बदल करायचा, मग पाटी फिरवायची. "आधी मशीन, मग पाटी," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी त्यांची नक्कल करायचे.

त्या वर्षी नवे साहेब आले. टाय लावणारे, बोलायला गोड. त्यांना काकांचं काही कळेना. डिग्री नाही, इंग्रजी नाही, मशीनला कान लावून बसतो, हा माणूस गिऱ्हाइकासमोर न्यायचा कसा? त्यांनी स्पष्टच सांगितलं. एक मोठी औषध कंपनी डेमो बघायला येणार आहे. लाइन नीट चालली तर काकांना कायम करतो. नाही चालली तर यंदा पत्र देता येणार नाही.

काकांना कायम व्हायचं होतं, आणि कशासाठी ते मला माहीत होतं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी उपनगरांचा नकाशा काढला होता. त्यात रस्ते नाहीत, रूळ नाहीत, नुसते ठिपके आणि पेन्सिलीच्या रेघा. साकीनाका, मुलुंड, मग कांजूरमार्गचं गोडाऊन, मग पार चारकोपचा नवा गाळा. "एकदा कायम झालंय ना," ते मला म्हणाले होते, "की मी सगळ्यांका बोलतां करतलंय. दर वर्षी पत्राची वाट बघणाऱ्या माणसान चार वर्षांचा काम कसा धरूचा?"

डेमोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला बोरिवलीला एक स्थळ बघायला येणार होतं. सातच्या आत घरी ये म्हणून आईने बजावलेलं. साडेपाचला काकांचं 'येतंय' आलं, मी 'येवा' टाकलं, मोडेम बंद केला. दुपारपासून दार माझं उघडं होतं, ते बंद करायचं होतं. मी पाटी फिरवली. पर्स खांद्यावर होती. मशीनमधलं करायला खुर्चीत बसणार, तेवढ्यात खालून मैत्रिणीने रिक्षा मिळाली म्हणून हाक मारली, आणि मी धावत सुटले. (त्या स्थळाने पुढे नकार दिला. ते जाऊ दे.)

सकाळी अकराला औषध कंपनीचे तिघं आले. साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. मी पाटी बघितली. 'बंद'. झकास. मोडेम सुरू केला.

थोड्या वेळात पडदा गोठला. एक अक्षर दाबलं की ते उमटायला मिनिट लागतंय. डिस्कचा लाल दिवा लागला तो विझेना. साहेब हसत हसत म्हणाले, "जरा वॉर्म अप होतंय." मी कोपऱ्यातल्या फोनवरून मुलुंडला फोन लावला.

"काका, मशीन हलत नाहीये."

"दिवो?"

"सारखा पेटलेला."

"पाटी काय सांगता?"

"बंद."

"आणि मशीन?"

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कालची संध्याकाळ उभी राहिली. खांद्यावर पर्स, पाटीवर हात, आणि ती रिकामी खुर्ची. "काका..." एवढंच म्हटलं मी.

"बरां," ते म्हणाले. "मोडेम बंद कर. आणि साहेबाक फोन दी."

मी फोन दिला. माझ्या हातांनी दिला. साहेब फोनवर ऐकत होते आणि मी बाजूला उभी होते. "तुम्ही?... म्हणजे मुलुंडचं बंद ठेवायचं ठरलं होतं?... आणि विसरलात?... ठीक आहे. नंतर बोलू." दोन दारं उघडी होती, त्यातलं चुकीचं कुठलं हे बाहेरच्याला कसं कळणार? पाळी काकांनीच ठरवलेली. ते म्हणतील तेच खरं.

मशीन पुन्हा उभं राहायला पाऊण तास लागला. तोवर पाहुणे चहा पिऊन निघून गेले होते.

मी बोलायला हवं होतं. त्याच दुपारी, साहेबांच्या टेबलासमोर जाऊन, 'चूक माझी' एवढे दोन शब्द. नाही बोलले. प्रोबेशनवर होते, घाबरले होते, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. मग सोमवारी. दुपारी डबा खाताना मुलुंडहून 'काय भाजी?' येतच राहिलं आणि मी त्याला उत्तर देत राहिले, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. काकांनी त्या प्रकाराबद्दल एक शब्द काढला नाही. महिनाअखेरीला त्यांचं पत्र संपलं, नवं आलं नाही.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. साडेपाच वाजले आणि माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'येतंय.'

खाली रिकामा पडदा, आणि तो कर्सरचा लुकलुकणारा चौकोन.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. 'येवा' म्हटलं की ते जाणार. आणि आधी दुसरं काहीतरी लिहायला हवं, असं मला वाटत होतं. मी लिहिलं, 'काका चूक', आणि खोडलं. पुन्हा 'काका', पुन्हा खोडलं. एवढं मोठं या मशीनवर लिहितात का? समोर भेटून सांगू. उद्याच घाटकोपरला जाऊ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मागून साहेब येताना दिसले, म्हणून मी उठून बाथरूममध्ये गेले. तोंड धुतलं. बाहेर आले तेव्हा सहा वाजून गेले होते. आता गेलेच असतील म्हटलं. पडदा न बघता मी पर्स उचलली आणि घरी गेले. मोडेम तसाच सुरू ठेवून.

उद्या काही उगवला नाही. घाटकोपरला गेले ते चार महिन्यांनी.

दोन खोल्या, खिडकीशी टेबल, टेबलावर कुणाचातरी उघडलेला रेडिओ. काकीने दार उघडलं, ती मला ओळखत नव्हती. काका मला बघून इतके खूश झाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बस गो, बस. लाइन बरी आसा?" पहिला प्रश्न हा.

मी बसलेच नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, त्या दिवशी दार माझं उघडं होतं."

"माका ठावक आसा." ते स्क्रू पिळत होते.

"मग तुम्ही का...?"

"तुझो आवाज केवढोसो झालो होतो फोनार. आणि तो साहेब माका ठेवणारो नव्हतोच. आज नाय तर पुढल्या वर्षी." त्यांनी स्क्रू काढून वाटीत ठेवला. काकी चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, संपलं, सुटले. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी मान वर केली. रागावलेले नव्हते. खरंच कळत नसल्यासारखे बघत होते.

"एक इचारू? तू 'येवा' कित्याक नाय लिवलंस?"

मी आता खुर्ची ओढून बसले.

"मी सात वाजेपर्यंत बसलंय. शिपाई म्हणता, काका, बंद करूचा आसा. मी म्हटलंय, थांब रे, पलीकडून येवा येवक नाय. माका वाटला लाइनच शांत झाली. मग सगळी केबल उघडून बघितलंय. एक एक पिन तपासलंय. मोडेमाक कान लावलंय." त्यांनी वाटीतला स्क्रू पुन्हा उचलला. "लाइन बरी होती गो."

मी रडले. काकीने चहा आणला तर माझ्याकडे बघून तीही गोंधळली. काकांनी तिला हाताने खूण केली, बस म्हणून. मी चहा प्यायले. माफ करा म्हणाले, दोनदा. ते म्हणाले, घडता तसा. कधीकधी घडता. मग दुधीची भाजी अजून करतेस का म्हणून विचारलं आणि स्वतःच हसले. त्या टेबलावर रेडिओच्या तारांखाली ती लांब वही होती. मी बघितली, पण उघडून दाखवा म्हणायचं धैर्य झालं नाही.

निघताना चपला घातल्या आणि दारात वळून म्हणाले, "येते, काका."

"ये," ते लगेच म्हणाले. मी शब्द संपवायच्या आत.

मग माझं लग्न ठरलं. मग चारकोपला घर घेतलं, तिथून घाटकोपर लांब पडतं. मग नोकरी बदलली. आज जाऊ, दिवाळीत जाऊ, मुलाला घेऊन जाऊ. एकदा बाजारात मुलुंडचा तो शिपाई भेटला, त्याने सांगितलं, काका गावी गेले होते, तिकडेच वारले, वर्ष होऊन गेलं. मी भाजीची पिशवी हातात धरून उभी राहिले. तो म्हणाला, "तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, ती येतली."

मी येते म्हणाले होते. त्यांनी ये म्हटलं होतं. लाइन बरी होती.